तळटिपेला जागा द्या!

गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी मंडळींमध्ये एक नवा उद्योग सुरू झालेला दिसतो, तो म्हणजे आठवणी लिहून काढण्याचा. निवृत्त झालेले काका, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आजोबा, कुणाच्या सासूबाई – सगळे लिहिताहेत. कुणी वहीत लिहितं आणि सूनबाई रविवारी दुपारी टाइप करून देतात. कुणी सरळ फोनला मराठीत सांगतं आणि फोन बिचारा जमेल तसं उतरवून घेतो. मग हे सगळं वर्डच्या एका फाइलीत जमा होतं, पंचाहत्तरीच्या किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने त्याचं छोटंसं पुस्तक करायचं ठरतं, आणि घरातल्या 'कॉम्प्युटरवाल्या' माणसाच्या गळ्यात ते काम पडतं. हा लेख त्या माणसासाठी आहे. विषय अगदी किरकोळ वाटेल: पुस्तकातल्या तळटिपा पानावर कुठे आणि कशा बसवायच्या! पण या कामात पडलेल्या चार-पाच कुटुंबांना मदत केल्यावर माझं असं ठाम मत झालंय, की आपल्या इथल्या मुलानातवंडांपर्यंत हे पुस्तक पोचणार की नाही, ते बऱ्याच अंशी या तळटिपांवर ठरतं.

कसं ते सांगतो. एका घरच्या आठवणींमध्ये वाक्य होतं, "रामदास बुडाली त्याच वर्षी आमची मुंबई सुटली." लिहिणाऱ्या आजोबांच्या दृष्टीने यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. न्यू जर्सीत वाढलेल्या, रविवारच्या मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या नातीने विचारलं, "रामदास कोण? आजोबांची बहीण?" 'बुडाली' म्हणजे स्त्रीलिंग, हे पोरीने बरोबर ओळखलं होतं! तिचं काय चुकलं? रामदास ही मुंबईहून रेवसला जाणारी आगबोट होती, ती १७ जुलै १९४७ रोजी भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

अशी वाक्यं आपल्या आठवणींत पानोपानी असतात. "पानशेत फुटलं तेव्हा मी सातवीत होतो." (म्हणजे जुलै १९६१, पुण्याचा पूर.) "कोयनेच्या भूकंपात माडीची भिंत गेली." (११ डिसेंबर १९६७.) "कुळकायद्यात जमीन गेली आणि अण्णा खचले." आपल्या पिढीला या चार शब्दांत सगळं कळतं, पुढच्या पिढीला चार शब्द कळतात आणि गोष्ट हातातून निसटते. तेव्हा खुलासा द्यायलाच हवा. प्रश्न एवढाच, की तो ठेवायचा कुठे?

कंसात, तळाशी की शेवटी?

पहिला मार्ग कंसाचा. वर मी तेच केलंय, आणि दोन ठिकाणी ते चालूनही गेलं. पण दर वाक्यात कंस यायला लागला की आठवणींचा सूर बिघडतो. आजोबा बोलत असताना शेजारी बसून कुणी सारखं दुरुस्त्या करतंय असं वाटतं. दुसरा मार्ग सगळ्या टिपा पुस्तकाच्या शेवटी एकत्र देण्याचा. दिसायला हे सर्वांत नीटनेटकं, आणि टाइप करणाऱ्यालाही सोपं. पण खरं सांगा, एका शब्दासाठी बोट पानात ठेवून पुस्तकाच्या शेवटी कोण जातं?

ही तक्रार आजची नाही. एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ साली निघाला, तेव्हा त्याच्या टिपा शेवटी छापल्या होत्या. डेव्हिड ह्यूम हा तत्त्वज्ञ तेव्हा मरणाच्या दारात होता (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला), तरी त्याने प्रकाशकाला पत्र लिहून कुरकुर केली, की टीप आली म्हणून शेवटचं पान उलटावं तर तिथे नुसतं एखाद्या ग्रंथाचं नाव निघतं. हे सगळं पानाच्या तळाशी किंवा समासात द्या. पुढे गिबनच्या टिपा खरोखरच तळाशी आल्या.

आणि आपल्याकडच्या पोथ्या आठवून पाहा. टीका असलेल्या कित्येक पोथ्यांत मूळ श्लोक पानाच्या मधोमध जरा ठळक अक्षरांत आणि टीका त्याच्या वर आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेली असते. या मांडणीला त्रिपाठ म्हणतात. चारी बाजूंनी टीका असली तर पंचपाठ. मूळ आणि खुलासा एकाच नजरेच्या टप्प्यात हवेत, हे त्या लेखकूंना पक्कं ठाऊक होतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली (काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते आणि संहितेचं काम १९६६ मध्ये पुरं झालं), तिचं कुठलंही पान उघडा. वर थोडे श्लोक, खाली निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद. काही पानांवर वरचा मजकूर पाच-सहा ओळी आणि खालचा पानभर! हे सगळं कॉम्प्युटर नसताना खिळे जुळवून केलेलं आहे. ते आठवलं की आपल्या साठ-सत्तर टिपांच्या कुरबुरी जरा हलक्या होतात.

तर घरगुती आठवणींसाठी माझा कौल तळाच्या बाजूने आहे. विद्यापीठातल्या लोकांनी प्रकरणाच्या शेवटी टिपा द्याव्यात, त्यांचे वाचक तिथे जातात. आपल्या नातवंडांसाठी मात्र टीप त्याच पानावर हवी.

यंत्र काय करतं

आपल्यापैकी जे ऐंशी-नव्वदच्या दशकात इथे शिकायला आले आणि ज्यांनी डॉसवरच्या वर्डपर्फेक्टमध्ये प्रबंध लिहिला, त्यांना कंट्रोल-एफ-सेव्हन आठवत असेल. त्याआधी टाइपरायटरवर प्रबंध करून घेणाऱ्यांना तर टायपिस्टची विद्या माहीत आहे: पानावर टीप किती ओळी खाणार याचा आधीच अंदाज घ्यायचा, कागदाला पेन्सिलीने खूण करायची आणि तिथे मजकूर थांबवायचा. अंदाज चुकला की पान पुन्हा! आता ते काम यंत्र करतं. वर्डमध्ये 'रेफरन्सेस'खाली 'इन्सर्ट फुटनोट' म्हणायचं किंवा ऑल्ट-कंट्रोल-एफ दाबायचं, मॅकवर कमांड-ऑप्शन-एफ. गूगल डॉक्समध्ये 'इन्सर्ट'खाली 'फुटनोट'. आकडा आपोआप पडतो, खाली रेघ येते आणि तुम्ही टीप लिहायला लागता.

इथे एक कळकळीची विनंती. आकडा हाताने टाइप करून, तो उचलून वर बसवून, खाली पानाच्या शेवटी एंटर मारत मारत टीप लिहायची, असं करू नका. मी पाहिलेल्या फाइलींपैकी निम्म्या अशाच होत्या. लिहिताना ते पान छान दिसतं. मग कुणाला तरी पहिल्या प्रकरणात दोन ओळी घालाव्याशा वाटतात, आणि तळाशी बसवलेल्या सगळ्या टिपा पुढच्या पानाच्या मध्यावर येऊन उभ्या राहतात. असं झालेलं असेल तर एक संध्याकाळ मोडून हाताच्या सगळ्या टिपा खऱ्या तळटिपांत बदलून घ्या. दुसरा इलाज नाही.

खरी तळटीप वरच्या आकड्याला बांधलेली असते. वाक्य कापून दुसरीकडे नेलं की टीप त्याच्याबरोबर जाते, मधे नवी टीप घातली की पुढचे आकडे स्वतःच सरकतात. टीप काढून टाकायची असेल तर वरचा आकडा पुसायचा. खालचा मजकूर पुसला तर आकडा भुतासारखा मागे राहतो. (शिवणकामातही 'टीप मारणं' असतंच. दोरा वरून ओढला तर टीप उसवते, तसंच हे.) आणि भावाबहिणींमध्ये मजकूर फिरत असेल, एक दुबईत, एक पुण्यात, तर फाइलच पाठवा. व्हॉट्सॲपवर मजकूर चिकटवून पाठवला किंवा पेस्ट करताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडलं, की टिपा तिथेच गळून पडतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

टीप पुढच्या पानावर का पळते?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. "अहो, आकडा या पानावर आणि टीप अर्धी इथे, अर्धी पुढच्या पानावर. वर्ड बिघडलंय का?" बिघडलेलं नसतं. त्याची अडचण समजून घेतली तर राग येणार नाही.

समजा, पानाच्या शेवटच्या ओळीत टिपेचा आकडा आला आणि टीप पाच ओळींची आहे. पाच ओळींना जागा करायची म्हणजे मजकुराच्या शेवटच्या पाच ओळी पुढच्या पानावर ढकलायला हव्यात. पण त्या ढकलल्या की आकडाही त्यांच्याबरोबर पुढच्या पानावर गेला! मग या पानावर टीप नकोच. पाच ओळींची जागा मोकळी. जागा मोकळी म्हटल्यावर ओळी परत मागे यायला पाहिजेत, आणि मागे आल्या की पुन्हा टीप. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं, म्हणून यंत्र टिपेचा तुकडा करतं: सुरुवात या पानावर, उरलेली पुढच्या पानावर, तिथे तिच्या डोक्यावर रुंद रेघ. नाहीतर ते ओळी पुढे ढकलून पानाखाली पांढरी जागा सोडतं. दोन्ही वाईटच, पण तिसरा मार्ग यंत्रापुढे नाही.

आपल्यापुढे आहे. टीप लहान ठेवायची! कुळकायद्याचंच घ्या. एका काकांनी त्यावर बावीस ओळींची टीप लिहिली होती: १९४८ चा मुंबईचा कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने मालक कसं ठरलं, मग आपल्या घरची किती एकर गेली, कुणी कुणाला काय म्हटलं, मामलेदार कसा होता. टीप तीन पानं पळत होती. आम्ही ती सोडवली ती अशी: तळाशी दोनच ओळी, कायदा आणि साल, आणि पुढे 'पाहा परिशिष्ट २'. उरलेलं सगळं पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात गेलं, आणि तिथे काकांना आणखी सहा पानं लिहायला मोकळीक मिळाली. ते परिशिष्ट आज पुस्तकातला सर्वांत वाचनीय भाग आहे असं त्यांचा मुलगा सांगतो. तीन-चार ओळींपेक्षा मोठी टीप ही बहुधा टीप नसतेच, वेगळा लेख असतो.

तरीही लहान टीप तुटत असेल तर एक कळ आहे. 'फुटनोट टेक्स्ट' नावाच्या स्टाइलमध्ये जाऊन परिच्छेदाच्या सेटिंगमधलं 'कीप लाइन्स टुगेदर' चालू करा. बहुतेक वेळा टीप अखंड राहते. लिबरऑफिस वापरत असाल (फुकट आहे आणि मराठीला चांगलं आहे), तर तिथे पानाच्या स्टाइलमध्ये तळटिपांसाठी वेगळी जागाच आहे; टिपांनी पानावर जास्तीत जास्त किती उंची घ्यायची, मजकूर आणि टीप यांत अंतर किती, रेघ केवढी, सगळं ठरवता येतं. या बाबतीत ते वर्डपेक्षा समजूतदार आहे. गूगल डॉक्समध्ये यातली फारशी मोकळीक नाही. एकत्र बसून लिहायला ते उत्तम, पण शेवटची मांडणी तिथे करू नये.

आणखी एक तक्रार असते, ती टिपेच्या वरच्या रेघेभोवती पडलेल्या मोठ्या मोकळ्या जागेची. ती रेघ नेहमीच्या दृश्यात निवडताच येत नाही. 'व्ह्यू'मध्ये 'ड्राफ्ट' निवडा, मग 'रेफरन्सेस'खाली 'शो नोट्स'; खाली जी पट्टी उघडते तिच्यातल्या यादीत 'फुटनोट सेपरेटर' निवडलं की रेघ हाती लागते. दहातल्या नऊ वेळा तिथे कुणीतरी चुकून मारलेलं एंटर सापडतं.

प्रकरणाचं शेवटचं पान अर्धंच भरलं असेल तर टीप पानाच्या अगदी तळाला एकटी पडते, मधे सगळं ओसाड. फुटनोटच्या खिडकीत जागेसाठी दोन पर्याय असतात: पानाच्या तळाशी, किंवा मजकुराच्या लगेच खाली. मला पहिलाच आवडतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना टीप कुठे असते याची सवय झालेली असते, ती मोडू नये. त्याच खिडकीत आकडे सलग हवेत, दर सेक्शनला नव्याने हवेत की दर पानाला नव्याने, तेही ठरवता येतं. प्रत्येक प्रकरण वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवून आकडे तिथे नव्याने सुरू करणं सर्वांत बरं. पान ८७ वर टीप क्रमांक २१४ दिसली की लहान वाचक घाबरतो.

देवनागरीचे नखरे

आता आपल्या लिपीच्या गोष्टी, ज्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत सहसा मिळत नाहीत.

टीप पळू नये म्हणून इंग्रजी मजकुरासाठी एक उपाय नेहमी सांगितला जातो: ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून ठराविक आकडा द्या, म्हणजे यंत्राचा हिशेब पक्का होतो. उपाय खरा आहे, पण देवनागरीत जपून. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटं. बारा पॉइंटाच्या अक्षराला चौदा पॉइंटाची ओळ दिली तर 'मूर्ती'चा रफार वरून आणि 'कृष्णा'चा ऋकार खालून कापला जातो. फाँटनुसार फरक पडतो, पण बारा पॉइंटाला वीसच्या आसपास अंतर द्या आणि एक पान छापून भिंगाखाली पाहा. पडद्यावर कापलेलं दिसलं तरी छापताना ठीक येईल, अशा भरवशावर राहू नका.

टिपेचं अक्षर लहान करताना दुसरी गंमत होते. 'फुटनोट टेक्स्ट' स्टाइलमध्ये तुम्ही आकार दहा करता, आणि टिपेतले इंग्रजी शब्द तेवढे लहान होतात. मराठी ढिम्म हलत नाही! कारण वर्डच्या लेखी देवनागरी ही 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट', आणि तिचा फाँट आणि आकार फाँटच्या खिडकीत वेगळ्या रकान्यात ठरतो. तिथे जाऊन बदला, म्हणजे सगळ्या टिपा एकदम बदलतील. एकेक टीप निवडून लहान करत बसलेल्या एका वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती विसरणार नाही. त्यांचं निम्मं पुस्तक झालं होतं. टिपांसाठी दहा पॉइंटांच्या खाली मात्र जाऊ नका. ज्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पुस्तक काढताय, त्यांना ते वाचता यायला हवं.

आणि सालाच्या मागे आकडा नको. 'आम्ही १९६२³ साली इथे आलो' हे छापल्यावर एकोणीस हजार सहाशे तेवीस वाटतं. शब्दाच्या मागे द्या, शक्यतो वाक्य संपल्यावर, पूर्णविरामानंतर.

फोटोंचं दुखणं वेगळंच. मंडळींना फोटोखाली कोण कोण उभं आहे ते लिहायचं असतं आणि त्यातल्या एखाद्या मावशींवर टीप द्यायची असते. फोटो आणि त्याची ओळ टेक्स्ट बॉक्समध्ये असली तर वर्ड तिथे तळटीप घालूच देत नाही, हेडर-फूटरमध्येही नाही. फोटो साध्या ओळीत ठेवा, खाली साधा परिच्छेद लिहा, म्हणजे टीप चालते. नाहीतर सरळ फोटोखालीच दोन ओळी जास्त लिहाव्यात, हे उत्तम.

आधी पान ठरवा

इथे बसून पुस्तक करणाऱ्यांचा खास घोळ म्हणजे कागद. अमेरिकेत आपली फाइल जन्मतः 'लेटर' आकाराची असते, साडेआठ बाय अकरा इंच. भारतात ए-फोर, जो लेटरपेक्षा ६ मिलिमीटर अरुंद आणि १८ मिलिमीटर उंच. म्हणजे इथे महिनाभर खपून बसवलेल्या टिपा पुण्याच्या भावाने फाइल ए-फोरवर छापली की नव्या पानांवर नव्याने बसतात, आणि जिथे काही तुटत नव्हतं तिथे तुटायला लागतं. शिवाय छापखाना म्हणणार, पुस्तक 'डेमी'त करू. आपल्याकडचं डेमी पुस्तक साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे लेटरचं बरोबर अर्धं. तेव्हा छापखान्याला विचारून पानाचा आकार आणि समास पहिल्याच दिवशी तसे लावून घ्या. तळटिपांकडे शेवटच्या आठवड्यात लक्ष द्यायचं, त्याआधी नाही; मजकूर हलतोय तोवर त्यांची पानं ठरत नाहीत.

छापखान्याला पीडीएफ द्या. पीडीएफमध्ये जे जिथे आहे ते तिथेच राहतं. ते वर्डची फाइल मागत असतील तर का ते विचारा. मराठी छपाईत अनेक वर्षं पेजमेकरचं राज्य होतं, आणि पेजमेकरमध्ये तळटिपा आपोआप बसवण्याची सोयच नव्हती. ऑपरेटर प्रत्येक टीप हाताने ठेवायचा. इनडिझाइनमध्ये ही सोय २००५ साली आली. इनडिझाइनवाले वर्डची अख्खी फाइल आत घेत असतील तर टिपा तशाच येतात. नुसता मजकूर कॉपी करून घेणार असतील, तर नको म्हणा.

जुन्या फाइली

शेवटचा मुद्दा ज्यांच्या बेसमेंटमध्ये नव्वदच्या दशकातल्या फ्लॉपी किंवा सीडी पडल्यात त्यांच्यासाठी. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आला आणि युनिकोडमधली मराठी घरोघरी शक्य झाली. त्याआधीची आपली मराठी शिवाजी, श्री-लिपी, आकृती अशा फाँटांत होती. ते फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आता मिळतात आणि काम बऱ्यापैकी करतात. पण वर्डच्या फाइलीत तळटिपा मुख्य मजकुरापासून वेगळ्या साठवलेल्या असतात. मजकूर निवडला, कॉपी केला, कन्व्हर्टरमध्ये टाकला, परत आणला, की मजकूर येतो. टिपा जुन्या फाइलीत राहतात.

आमच्या ओळखीच्या एका घरी हेच झालं. आजोबांनी १९९८ साली लिहिलेल्या आठवणी, त्यांच्या हाताने दिलेल्या ६१ टिपा. फाइल एका ठिकाणी युनिकोड करायला दिली होती; मजकूर स्वच्छ होऊन आला, सगळे खूश झाले, आणि नंतर घर बदलताना जुनी सीडी टाकून दिली गेली. दोन वर्षांनी पुस्तक करायला घेतलं तेव्हा कळलं, की टिपा नाहीतच. मजकुरात आकडे तेवढे होते, तेही शब्दांना चिकटलेले साधे आकडे.

आजोबा तेव्हा एक्याण्णव वर्षांचे होते आणि डोकं शाबूत होतं. नातवाने तीन शनिवार त्यांना मिरजेला फोन लावला आणि आकड्यामागून आकडा वाचून दाखवला: आजोबा, इथे 'तात्यांचा खटला' म्हटलंय, तिथे तुम्ही काय लिहिलं होतं? मूळ टिपा काय होत्या ते कुणालाच माहीत नाही, पण नव्या टिपा लांबल्या, आणि त्यात दोन नावं अशी आली जी घरात यापूर्वी कुणी उच्चारली नव्हती. सत्तावन्न टिपा उभ्या राहिल्या. चारांच्या बाबतीत आजोबा म्हणाले, "नाही बाबा, आता नाही आठवत." ते चार आकडे काढून टाकले, आणि मागचे आपोआप पुढे सरकले.

तुमच्याकडे अशी जुनी फाइल असेल तर तिला हात लावण्याआधी तिची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा. ज्या यंत्रावर तो जुना फाँट अजून चालतो तिथून टिपांसकट तिची पीडीएफ काढा आणि कागदावरही छापून ठेवा. मग मजकूर बदलून घ्या, टिपा वेगळ्या कॉपी करून वेगळ्या बदलून घ्या, आणि एकेक करून नव्याने बसवा. साठ टिपांना एक शनिवार-रविवार पुरतो. बरोबर वाचून दाखवायला कुणीतरी असलं की काम लवकर होतं, आणि शक्य असेल तर ते कुणीतरी म्हणजे ज्यांनी लिहिलं तेच असावेत.